लेकरे गहाण टाकणारे शब्द

१

जुन्या जालन्यातल्या आमच्या वस्तीत दर रविवारी सकाळी समाजमंदिराच्या ओसरीवर मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. महाविद्यालयातले माझे दोन-तीन विद्यार्थी शिकवतात, मी जाऊन-येऊन असतो. दोन वर्षांमागे दिवाळी झाली आणि सातवीतला एक मुलगा वर्गाला यायचा थांबला. तीन रविवार वाट पाहिली आणि मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई दारात गोधडीला टाके घालीत बसली होती.

“ताई, पोरगं दिसंना. कामाला धाडलं की काय?”

“न्हाई सर, कामाला कशाला धाडू? मामासंगं गेलंय कारखान्याला. मामीचं लेकरू तान्हं हाय, ते सांभाळायचं, कोपीत बसायचं. शाळा काय, आल्यावर करील.”

बोलण्याबोलण्यात निघाले ते असे : मामाने मुकादमाकडून जी उचल घेतली होती ती दीड कोयत्याची होती. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि एकटा माणूस अर्धा कोयता. मामा-मामी हा एक कोयता झाला. उरलेला अर्धा कोयता म्हणजे आमचा सातवीतला विद्यार्थी.

ही बाई खोटे बोलत नव्हती, हे मला प्रथम नमूद केले पाहिजे. ती लेकरावर जीव टाकणारी आई आहे. तिच्या मनात ‘काम’ या शब्दाचा अर्थ ठरलेला होता : परक्याच्या दारात, पगारावर, रोज जायचे ते काम. मामाबरोबर जाणे हे काम नव्हे, ते नाते. उचल हे लेकराचे मोल नव्हे, ती मामाची नड. म्हणजे जे घडत होते ते तिच्या डोळ्यांसमोर होते आणि तरीही तिला ते दिसत नव्हते. कारण ते दाखवणारा शब्द तिच्याजवळ नव्हता, आणि झाकणारे शब्द भरपूर होते.

त्या दिवसापासून मी हा इतिहास धुंडाळू लागलो. दलितांच्या घरातून लेकरू कसकसे बाहेर ओढले गेले, आणि त्या त्या वेळी घरच्यांनी त्याला कोणते नाव दिले? मला सापडले ते एवढेच की शोषण आमच्या उंबऱ्यावर स्वतःचे नाव सांगून कधीच आले नाही. ते नवस म्हणून आले, वतन म्हणून आले, साल म्हणून आले, आज उचल म्हणून येते. प्रत्येक शब्दाला घरात मान होता. ज्यांनी हे शब्द फोडून आतले लेकरू बाहेर काढले, त्यांनी ते कसे केले आणि कुठे ते अपुरे पडले, हे कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी समजून घ्यावे, एवढाच या लेखाचा हेतू.

२

पहिला शब्द नवस. मूल जगत नाही, दुखणे हटत नाही, म्हणून आईबाप बोलून बसत : पहिली मुलगी खंडोबाला वाहू. अजाण वयातच पोरीच्या अंगाला भंडारा लागे, तिचे देवाशी लग्न लागे आणि ती मुरळी होई. देवाशी लग्न झालेल्या बाईला माणसाशी लग्न नाही, आणि नवरा नसलेली बाई सगळ्या गावाची, हा त्यातला हिशेब. पण आईबापांच्या लेखी त्यांनी देवाचे देणे फेडले होते. पोरीचा सौदा केला असे कोणी म्हटले असते तर ते अंगावर धावून गेले असते.

पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केले. अस्पृश्यांनी अस्पृश्यांसाठी चालवलेल्या आरंभीच्या पत्रांपैकी ते एक. त्यांनी मुरळीच्या प्रथेवर लेखणी उचलली आणि हाक दिली ती आपल्याच समाजातल्या आईबापांना आणि खुद्द मुरळ्यांना. १९०९ साली शिवूबाई नावाच्या एका मुरळीचे पत्र त्या मासिकात छापून आले. ज्या बाईविषयी सगळे बोलत होते, ती स्वतः आपल्या स्थितीविषयी बोलली. पुढे कांबळे यांचे सहकारी गणपतराव गायकवाड यांनी तिच्याशी लग्न केले.

हा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लेख लिहून कांबळे थांबले असते तर शिवूबाईचे काय झाले असते? तिला आपली स्थिती समजली असती आणि ती त्याच स्थितीत राहिली असती. प्रथा सोडणाऱ्या बाईला जगायला जागा लागते, हे त्या माणसांनी ओळखले होते. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला तो १९३४ साली. देवाला वाहणे त्याने बेकायदा ठरवले आणि अशा स्त्रीचे लग्न वैध मानले. म्हणजे सरकारने जे २५ वर्षांनी मान्य केले, ते चळवळीतल्या एका साध्या माणसाने आधीच करून दाखवले होते. आणि तो कायदाही आमच्या जालन्याला लागू नव्हता, कारण हा मुलूख तेव्हा निजामाचा होता.

याच वाटेने मागे गेले की महात्मा फुले दिसतात. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने आपले मूल मारू नये, असा नुसता उपदेश त्यांनी केला नाही. ‘इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा’ अशी सोय केली आणि मग हाक दिली. तिथेच जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतले. आधी दार उघडायचे आणि मग लोकांना ‘या’ म्हणायचे, हा क्रम त्यांनी घालून दिला. पुढच्या दीडशे वर्षांत सरकारने आणि पुष्कळदा आपणही तो उलटा केला आहे.

१९३६ च्या जूनमध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांपुढे भाषण केले. हा धंदा सोडा, हे त्यांनी कठोरपणे सांगितले. त्या बोलण्यात दया नव्हती, बरोबरीच्या माणसाकडून धरलेली अपेक्षा होती. आजही कोणत्याही आईबापाशी बोलताना कीव आणि अपेक्षा यांतला हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

३

दुसरा शब्द वतन. हा तर अभिमानाचा शब्द. ‘आम्ही वतनदार’ असे आमचे म्हातारे छाती फुगवून सांगत. वतन म्हणजे गावकीची आणि सरकारची पडेल ती चाकरी आणि बदल्यात थोडी जमीन, थोडे बलुते, सणावाराला मागून आणलेली भाकर. या चाकरीला वेळ नव्हता, माप नव्हते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनांविरुद्ध विधेयक आणले, तेव्हा त्यांनी ज्या गोष्टीवर बोट ठेवले ती अशी की ही चाकरी एका माणसावर नसून अख्ख्या घरावर लादलेली आहे. बाप घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. ‘दुसरा’ म्हणजे कोण? म्हातारा, बाई, नाहीतर लेकरू.

म्हणजे वतनाने लेकराला वेगळे माणूस मानलेच नाही. घराच्या चाकरीतला तो एक सुटा हात. त्याच्या बालपणाचा हिशेब कोणत्याही वहीत नाही, कारण त्याला मजुरी द्यायचीच नव्हती. मुंबई इलाख्यातल्या मुलखात ही वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. परंतु घर हे एक एकक, लेकरू हा त्याचा हात, हा विचार कायद्याने कसा रद्द होणार? ‘दीड कोयता’ हे त्याच विचाराचे आजचे माप आहे.

४

तिसरा शब्द साल. इथे मला माझ्या घरचे सांगितले पाहिजे.

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याचे कंबरडे मोडले. आजी खडी फोडायला दुष्काळी कामावर जाई. सुकडी आणि मिलोचे दिवस ती मरेपर्यंत सांगत होती. आमचे गाव अंबड तालुक्यात. त्या वर्षी आजोबांनी गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडून थोडी ज्वारी आणि थोडी रोकड आणली आणि त्यावर माझ्या वडिलांना सालाने ठेवले. वडिलांचे वय तेव्हा दहा. गुरे राखायची, शेण काढायचे, पाणी भरायचे. झोपायचे गोठ्यात, जेवण वरून वाढलेले. साल पाडव्याला संपते. पण पाडवा आला की हिशेबात काहीतरी बाकी निघे आणि साल पुढे सरके. असे सात पाडवे गेले. १९७९ साली ते तिथून सुटले आणि जालन्याला येऊन मोंढ्यात हमाली करू लागले. त्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही. मी घरातला पहिला पदवीधर.

ही सालाची रीत एकट्या आमच्या गावाची नव्हती. निजामाच्या राज्यात कर्जापायी शेतावर बांधून पडलेल्या गड्यांना भगेला म्हणत आणि त्यांच्या करारांवर बंधन घालणारे नियम त्या सरकारला १९३६ साली करावे लागले. शब्द तेलंगणातला, पण आमचा सालगडी त्याचाच भाऊ. ब्रिटिश मुलखात रॉयल कमिशनने कामगारांची पाहणी केल्यावर १९३३ साली मुलांचे श्रम गहाण टाकण्याविरुद्ध कायदा झाला. १५ वर्षांखालील मुलाचे श्रम पैशाच्या बदल्यात बांधून देणारा करार त्याने रद्दबातल ठरवला. त्यात दंड कोणाला होता ते पाहण्यासारखे आहे : कामावर ठेवणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत आणि आईबापाला ५० रुपयांपर्यंत. म्हणजे ज्याने नडीपायी लेकरू दिले तोही गुन्हेगार. अशा कायद्याकडे कोणता बाप दाद मागायला जाईल? स्वतःवर गुन्हा ओढवून घेतल्याशिवाय त्याला लेकरू मागता येत नव्हते.

नंतर १९५० साली संविधान आले. बाबासाहेबांच्या देखरेखीखाली घडलेल्या त्या ग्रंथात कलम २३ ने वेठबिगार निषिद्ध केली आणि कलम २४ ने १४ वर्षांखालील मुलाला कारखाना, खाण आणि धोक्याच्या कामावर ठेवण्यास मनाई केली. पुढे वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला तो १९७६ साली, आणि तो लागू धरला गेला २५ ऑक्टोबर १९७५ पासून. त्याचे सहावे कलम सांगते की वेठीचे कर्ज मिटले, ते फेडण्याची जबाबदारी उरली नाही. पंधरावे कलम सांगते की हे वेठीचे कर्ज नाही, हे सावकाराने सिद्ध करायचे. गड्याने नव्हे.

तारखा जुळवून पाहाव्यात. कायदा झाला तेव्हा माझे वडील चौदा वर्षांचे होते आणि त्यांच्या हातात गुरे हाकायची काठी होती. त्या दिवशी त्यांचे कर्ज कायद्याने संपले होते. पुढची तीन वर्षे ते जे शेण काढत होते ते कोणाचेही देणे लागत नसताना. गावात हे सांगायला कोणी आले नाही. तलाठी आला नाही, मास्तर आला नाही, आणि खरे सांगायचे तर आपल्या चळवळीचा कार्यकर्ताही आला नाही.

अलीकडे एका संध्याकाळी मी ती दोन कलमे वडिलांना वाचून दाखवली. मला वाटले होते, ते संतापतील. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “तुझ्या आज्यानं मला इकलं नव्हतं, बरं का.”

मी आजोबांचे नावही काढले नव्हते. पण ‘वेठबिगार’ हा शब्द ऐकताच त्यांना पहिला आरोप ऐकू आला तो आपल्या बापावरचा. मालकाचे नाव त्यांच्या तोंडी आले नाही. सात वर्षे ज्याने राबवून घेतले तो बाजूलाच राहिला आणि दुष्काळात चार तोंडे जगवायला निघालेला माणूस आरोपीच्या जागी येऊन उभा राहिला. शोषण ओळखायला आमची घरे का तयार होत नाहीत, हे मला त्या संध्याकाळी समजले. ओळखणे म्हणजे आपल्याच आईबापाला दोषी धरणे, असा त्याचा अर्थ घराघरांत झाला आहे. १९३३ च्या कायद्याने तो छापून ठेवला होता आणि आपल्यातल्या शिकलेल्यांनी ‘अडाणी पालक’ म्हणून तोच पुढे चालवला.

“बाप्पू, इकलं नव्हतं,” मी म्हणालो. “पण तुमचं राबणं ज्यानं घेतलं त्यानं ते फुकट घेतलं.”

“हे म्हण,” ते म्हणाले. “हे खरं हाय.”

दोष आणि नड यांची अशी फारकत केली की माणूस बोलू लागतो. त्यानंतर वडिलांनी त्या सात वर्षांतल्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्या आम्ही भावंडांनी आधी कधीही ऐकल्या नव्हत्या.

५

आता उचल. सालाला एक गाव होते, एक वाडा होता. उचलीला तोंड नाही. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी जोडप्याला पैसे दिले. या साखळीत लेकरू कोणाच्याच कागदावर नसते. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नेमके शाळेचे निम्मे वर्ष. फडात लेकरू मोळ्या बांधते, वाढे गोळा करते, धाकट्याला सांभाळते. मुलगी चौदा-पंधराची झाली की हंगामाआधी तिचे लग्न उरकतात, कारण जोडप्याला पुरा कोयता मिळतो. त्या लग्नालाही घरात शोषण म्हणत नाहीत. ‘जबाबदारीतून मोकळे झालो’ म्हणतात.

कायदा आज काय म्हणतो? १९८६ च्या बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात ठेवण्यास बंदी झाली आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांतून वगळले. मात्र शाळा सांभाळून घरच्या उद्योगात मदत करण्याची सवलत ठेवली आहे. मुकादम नेमका याच सवलतीच्या आड उभा राहतो : ‘पोरगं आईबापाला हात लावतं, त्यात काय?’ परंतु ऊस त्या आईबापाचा नाही, फड त्यांचा नाही, साखर त्यांची नाही. परक्याच्या फडात लेकराने मोळी बांधली तर तो घरचा उद्योग होत नाही, हे प्रत्येक शिक्षकाला ठामपणे सांगता आले पाहिजे. त्याच दुरुस्तीत आणखी एक बदल आहे : पहिल्या वेळी आईबापाला शिक्षा नाही. १९३३ पासून २०१६ पर्यंत कायद्याला एवढे समजायला ८३ वर्षे लागली. ही गोष्ट वस्तीत कोणालाही माहीत नाही. लोक अजूनही पोलिस आपल्यालाच धरतील या भीतीने लेकरू लपवतात.

उचलीचे काय? सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या एशियाड कामगारांच्या प्रकरणात किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवरचे काम वेठ मानले. १९८३ साली बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सांगितले की सक्तीने राबवून घेतलेला मजूर हा कर्जापायीच बांधला गेला असे गृहीत धरावे. अशा मजुरांच्या पुनर्वसनाच्या २०१६ च्या केंद्रीय योजनेत सक्तीच्या मजुरीतून सोडवलेल्या मुलासाठी २ लाख रुपयांची तरतूद आहे. हे सारे कागदावर आहे, आणि कागद जिल्हाधिकारी कचेरीत आहे. आमच्या जुन्या जालन्यातून ती फार लांब नाही. लांब आहे तो तिथपर्यंत जाण्याचा धीर.

६

एक शब्द उरला. तो उच्चारताना आमच्या सभाही खाली पाहतात. तो शब्द इज्जत.

लेकराच्या देहाशी जे वाईट होते ते या शब्दाखाली पुरले जाते. करणारा पुष्कळदा ओळखीतला असतो : नात्यातला, शेजारचा, काम देणारा, मुकादमाच्या टोळीतला, आता हातातल्या मोबाइलवरून गोड बोलणारा. गावकुसाबाहेरच्या बाईची अब्रू जिथे कोणी जमेत धरली नाही, तिथे आमच्या लोकांनी ती प्राणापलीकडे जपली, याचा इतिहास मी समजू शकतो. परंतु त्या जपण्याची किंमत लेकराने गप्प राहून द्यावी, हे मी मानायला तयार नाही. अब्रू गुन्हा करणाऱ्याची जाते. लेकराची जात नाही.

२०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी भेद करीत नाही आणि १८ वर्षांखालील प्रत्येकाला लागू आहे. लेकराचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला आवडेल त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आईबापाच्या किंवा त्याच्या विश्वासातल्या माणसाच्या समोर घ्यायचा आहे. लेकराला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचे नाव छापता येत नाही. खटला चालेतो सोबत करणारी सहायक व्यक्ती मिळते आणि निकालाआधीही न्यायालय मदतीची रक्कम देऊ शकते. पीडित अनुसूचित जातीचे असेल आणि करणारा त्या वर्गाबाहेरचा असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही जोडून घ्यावा लागतो. तो जोडला आहे की नाही हे कार्यकर्त्याने फिर्याद नोंदवतानाच पाहावे. मागून धावाधाव होते.

७

या इतिहासातून वस्तीत उतरताना मी आता भाषण करीत नाही. आईबापांना काही साधे प्रश्न विचारतो आणि उत्तर त्यांनाच शोधू देतो.

लेकरू कामाला जाते का, असे मी विचारत नाही, कारण उत्तर ‘नाही’ असेच येते. मी विचारतो : त्याच्या नावावर कोणी पैसे किंवा धान्य घेतले आहे का? त्याला आज परत यायचे म्हटले तर येता येईल का, की कोणाची परवानगी लागेल? ते झोपते कुठे, आणि त्या घरात आणखी कोण असते? तुम्ही फोन केला तर ते एकटे तुमच्याशी बोलू शकते का, की जवळ कोणी उभे असते? शाळा सुटली ती कोणाच्या सोयीसाठी? आणि घरात असलेल्या लेकराविषयी : एखाद्या माणसाचे नाव काढताच ते गप्प होते का, कुठे जायला रडते का, हातात न मागता नवी वस्तू आली आहे का, मोबाइल उलटा ठेवते का? यातले एक उत्तर ‘हो’ आले म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नव्हे. पण शेजारी बसून, न रागावता, आणखी विचारण्याची वेळ आली आहे, एवढे निश्चित. लेकराने काही सांगितले तर पहिले वाक्य ‘तू आधी का नाही सांगितलंस’ हे नसावे. ‘सांगितलंस, बरं केलंस’ हे असावे.

मग दारे. १०९८ हा क्रमांक फुकट आहे आणि रात्रीही लागतो. त्यावर लेकरूही स्वतः बोलू शकते. जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती आहे. लेकरू घरातून काढून संस्थेत टाकणे हा त्यांचा पहिला उपाय नाही, कायद्याप्रमाणे तो शेवटचा आहे. हे घरच्यांना आवर्जून सांगावे. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जातीच्या माणसाला, स्त्रीला आणि बालकाला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. गावात बालविवाह रोखणारा अधिकारी म्हणजे ग्रामसेवकच. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी राज्य शासनाने २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. तिच्या पहिल्या टप्प्यात आमच्या जिल्ह्यातले अंबड आणि घनसावंगी हे तालुके आहेत. शिवाय हंगामापुरती शाळेतच सोय होते. लेकरू आजीजवळ राहते आणि जेवण तिथे मिळते. ही दारे नेहमी पुरती उघडी असतात असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा ती धक्का दिल्याशिवाय उघडत नाहीत. पण एकट्या आईने धक्का देणे आणि तिच्यामागे दोन शिक्षक, चार विद्यार्थी उभे असणे यात फरक आहे, आणि तो फरक आपल्या हातात आहे.

त्या सातवीतल्या मुलाचे सांगून थांबतो. मी त्याच्या आईला कायदा सांगितला तेव्हा तिने एकच प्रश्न केला, “आन् उचल कोन फेडील?” हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, सबंध लेखाचा प्रश्न तोच आहे. आम्ही एका वकिलाला घेऊन मामाशी फोनवर बोललो, मग मुकादमाशी. अर्ध्या कोयत्याची उचल लेकराच्या नावावर वसूल करणे म्हणजे काय, हे वकिलाने त्याला समजावले. मुकादमाला कायद्याचे प्रेम आले नाही, पण कागदाची भीती वाटली. संक्रांतीनंतर मुलगा परतला. हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे होते आणि गणितात तो दोन धडे मागे होता. धडे माझ्या विद्यार्थ्यांनी भरून काढले. आईला आम्ही एका शब्दानेही दोष दिला नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी तीच ताई समाजमंदिराच्या ओसरीवर आली. सोबत दुसरी एक बाई होती, तिचे लेकरू पदराला धरून उभे. “सर,” ती म्हणाली, “हिच्या भावानं बी दीड कोयत्याची उचल घेतलीया. हिला म्या सांगितलं, अर्धा कोन त्ये आधी इचार.”

माझ्या वडिलांच्या वेळी त्यांच्या आईजवळ असे बोलणारी शेजारीण असती, तर १९७६ चा कायदा आमच्या गावात पोचायला मी पदवीधर होण्याची वाट पाहावी लागली नसती. अशा शेजारणी वस्तीवस्तीत तयार करणे हे मी आजचे काम मानतो. दसऱ्याच्या आत ते सुरू व्हावे, कारण दसऱ्यानंतर टोळ्या निघतात.